काय वाचलं, काय आवडलं, काय खटकलं: साताऱ्यातल्या एका वाचणारीला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोडोलीत आम्ही काही जणी महिन्यातून एकदा जमतो आणि वाचलेल्या पुस्तकांवर बोलतो. कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत शिकवते, कुणी घर सांभाळते, दोघी-तिघी कॉलेजच्या मुली आहेत. तिथे, मंडईत, राजवाड्यावर भेळ खाताना मला पुस्तकांबद्दल तेच तेच प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरं इथे एकदाच सविस्तर लिहून ठेवते. मतं माझी आहेत. पुस्तकाचा शेवट किंवा मधलं रहस्य फुटणार असेल तिथे आधी तसं सांगितलं आहे.

ताई, प्रेमकथा, जादूच्या गोष्टी, खुनाच्या कादंबऱ्या आणि स्त्रीवादी पुस्तकं हे सगळं एकत्र कसं काय वाचता?

मला ती वेगवेगळी वाटतच नाहीत. पुस्तक कुठलंही असो, वाचताना माझं लक्ष एका गोष्टीकडे असतं: यातली बाई ‘नाही’ म्हणाली तर तिचं काय होतं? लग्नाला नाही, नवऱ्याला नाही, राजाला नाही, माहेरच्यांना नाही. प्रेमकथेत तिच्या नकाराला किंमत असेल तरच तिच्या होकाराला अर्थ येतो. थरारकथेत पुष्कळदा एका नकारापासूनच सगळं सुरू होतं. अद्भुतकथेत लेखकाने अख्खं जग नव्याने मांडलेलं असतं. तिथेही बायका चुलीपाशीच बसलेल्या असतील तर ती निवड लेखकाची, इतिहासावर ढकलता येत नाही. आणि स्त्रीवादी पुस्तकं हाच प्रश्न आडवळण न घेता विचारतात.

याच्याच जोडीला मी पैसा बघते. कादंबरीतल्या बाईच्या हातात स्वतःचे पैसे आहेत का, ती राहते ते घर कुणाच्या नावावर आहे. नकार परवडावा लागतो. बरेच लेखक हे सांगायचं टाळतात आणि मग त्यांची नायिका रागाने घराबाहेर पडते तेव्हा ती रात्री झोपली कुठे हे आपल्याला कळतच नाही.

कॉलेजच्या सगळ्या मुली ‘इट एंड्स विथ अस’ वाचतायत. मी माझ्या मुलीला वाचू द्यावं का?

द्या, आणि तुम्हीही वाचा. कोलीन हूव्हर यांची ही कादंबरी २०१६ची. मुखपृष्ठावर फुलं आहेत, दुकानात ती प्रेमकथांच्या रांगेत ठेवलेली असते, त्यामुळे आयांना वाटतं की हलकंफुलकं काहीतरी असेल. प्रत्यक्षात ती नवऱ्याच्या मारहाणीची गोष्ट आहे. लेखिकेने शेवटच्या टिपणात सांगितलंय की यामागे तिच्या आईचं आयुष्य आहे.

(इथून पुढच्या दोन परिच्छेदांत कथानक फुटतं.) लिली बॉस्टनमध्ये फुलांचं दुकान काढते. तिच्या वडिलांनी तिच्या आईला मारलेलं तिने लहानपणी पाहिलंय. तिला भेटतो राइल, मेंदूचा शल्यविशारद, देखणा, हुशार. पहिल्यांदा तो तिच्यावर हात उगारतो तो प्रसंग मी परत परत वाचला. ओव्हनमधून भांडं काढताना त्याचा हात भाजतो, भांडं खाली पडतं, तिला हसू येतं आणि क्षणात तो तिला ढकलून देतो. लगेच माफी, लगेच काळजी, भाजलेल्या हाताकडे बोट. वाचताना आपणही म्हणतो, अरे, वेदनेत झालं असेल. लेखिकेने आपल्याला नेमकं तिथे नेऊन उभं केलंय जिथे लिलीची आई वर्षानुवर्षं उभी होती. ‘ती सोडून का गेली नाही’ हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक लग्नघरात कुणाबद्दल तरी विचारला जातो. हा प्रसंग मनापासून वाचलेली मुलगी तो प्रश्न पुन्हा सहज विचारणार नाही.

मला न पटलेल्या गोष्टीही आहेत. लिलीला वाचवायला लहानपणीचा मित्र अॅटलस अगदी वेळेवर हजर असतो. तिचं दुकान चाललेलं असतं, पैशांची ओढाताण फारशी नाही. घटस्फोट मागितल्यावर राइल जितक्या शहाणपणाने ऐकतो तितका शहाणपणा मी प्रत्यक्षात पाहिलेला नाही. तरी मुलीला जन्म दिल्यावर ती त्याला विचारते की उद्या हीच येऊन सांगू लागली की नवरा मारतो, तर तू तिला काय सांगशील? त्या पानासाठी पुस्तक वाचावं. मुलीशी बोलताना हेही सांगा की आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५मध्ये झाला आणि घर नवऱ्याच्या किंवा सासरच्यांच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क तो बाईला देतो. कादंबरीत अर्थातच ते येत नाही. काही शारीरिक प्रसंग उघड आहेत, म्हणून शाळकरी मुलींच्या हाती मी देणार नाही.

‘रेबेका’ला तुम्ही प्रेमकथा म्हणता की थरारकथा?

डाफ्ने द्यू मोरिए यांची ‘रेबेका’ १९३८ची. गेल्या वर्षभरात वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत मनात सर्वांत जास्त घोळली ती हीच.

सांगणारी नायिका एका श्रीमंत बाईची पगारी सोबतीण आहे. सगळ्या कादंबरीत तिचं नाव एकदाही येत नाही. माँटे कार्लोच्या हॉटेलात तिला मॅक्सिम द विंटर भेटतो, वयाने बराच मोठा, विधुर, मँडर्ली नावाच्या वाड्याचा मालक. लग्न होऊन ती त्या वाड्यात येते आणि तिथे प्रत्येक खोलीत, प्रत्येक कागदावर पहिली बायको रेबेका आहे. तिची अक्षरं, तिची फुलं लावायची पद्धत, तिचा स्वयंपाकाचा बेत. घरकाम बघणाऱ्या मिसेस डॅन्व्हर्सना नवी मालकीण मुळीच चालत नाही. लग्न करून मोठ्या घरात गेलेल्या आणि ‘आमच्याकडे असं करतात’ हे दिवसातून दहादा ऐकलेल्या कुणालाही पहिली शंभर पानं घरचीच वाटतील.

(आता रहस्य फुटतं.) अर्ध्याहून पुढे मॅक्सिम तिच्याजवळ कबूल करतो की रेबेका बुडून मेली नाही, त्याने तिला गोळी घातली. हे ऐकणाऱ्या नायिकेच्या मनात पहिली भावना कुठली येते? सुटकेची. त्याचं रेबेकावर कधी प्रेमच नव्हतं, म्हणून सुटका. समोर बसलेल्या माणसाने बायकोचा जीव घेतलाय आणि ही मनातून सुखावलीय, कारण आता तो सर्वस्वी तिचा झाला. अंगावर काटा आला तो इथे. मिसेस डॅन्व्हर्स, जळकं घर, समुद्रातली बोट यांपैकी कशानेच आला नव्हता.

आणि रेबेकाचा गुन्हा काय होता? मॅक्सिमच्या म्हणण्यानुसार ती व्यभिचारी होती, कपटी होती, त्याच्यावर हसत होती. पण तिची बाजू सांगायला ती जिवंत नाही. आपल्याला कळतं ते सगळं तिला मारणाऱ्याच्या तोंडून. ती त्याच्या मनासारखी वागायला ‘नाही’ म्हणाली आणि त्याचं उत्तर पिस्तूल होतं. लेखिकेने हे कुठेही बोट दाखवून सांगितलेलं नाही. माझ्या मते ही थरारकथा आहे, आणि थरार त्या दुसऱ्या बायकोच्या प्रेमातच आहे. आमच्या गटात यावर भांडणं झाली. एका मैत्रिणीला ती अजूनही शुद्ध प्रेमकथाच वाटते.

जुन्या मराठी प्रेमकादंबऱ्या आता वाचवतात का?

काही वाचवतात, काही नाही. चंद्रकांत काकोडकर आमच्या आयांच्या काळात लपवून वाचले जायचे. त्यांची ‘श्यामा’ १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. आज वाचताना त्यात आक्षेप घेण्यासारखं काय होतं हेच समजत नाही.

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ मात्र मी हल्लीच पुन्हा वाचली. खांडेकर जन्माने सांगलीचे. कादंबरी १९५९ची, तिच्यासाठी पुढे ज्ञानपीठही मिळालं. तिच्याकडे कुणी प्रेमकथा म्हणून बघत नाही, अद्भुतकथा म्हणून तर नाहीच, पण संजीवनी विद्या, शाप, मुलाचं तारुण्य बापाने घेणं हे सगळं तिच्यात आहे. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही आपापली हकिकत सांगतात. शर्मिष्ठा राजकन्या असून दासी होते, तिच्या प्रेमाला खांडेकर फार हळुवारपणे हात लावतात. देवयानीच्या बाबतीत मला ते कठोर वाटले. तिचा अहंकार पानोपानी दिसतो, पण कचाने नाकारलेली, नंतर नवऱ्याने फसवलेली मुलगी म्हणून तिच्याकडे बघायला लेखकाला फारसा वेळ नाही. शाळेत असताना मी शर्मिष्ठेसाठी रडले होते. या वेळी माझी सहानुभूती देवयानीकडे गेली.

थरारकथांत सुरुवात कुठल्या पुस्तकाने करू?

कीगो हिगाशिनो या जपानी लेखकाची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’. मूळ जपानी पुस्तक २००५चं, त्याला नाओकी पुरस्कार मिळाला. २०२३मध्ये आलेला ‘जाने जान’ हा हिंदी सिनेमा यावरच आहे, पण सिनेमा पाहिला असला तरी पुस्तक वाचा.

खून कुणी केला हे सुरुवातीलाच कळतं. यासुको डबे विकणाऱ्या दुकानात काम करते, मुलीला एकटीने वाढवते. घटस्फोट घेतलेला नवरा पैसे उकळायला दारात येतो आणि झटापटीत मायलेकींच्या हातून मारला जातो. शेजारी राहणारा इशिगामी गणिताचा शिक्षक आहे. तो भिंतीपलीकडचं ऐकतो आणि म्हणतो, मी सगळं निस्तरतो. इथून पुढे वाचायचं ते पोलिसांना चकवणारं त्याचं गणित. शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की मी जे कोडं सोडवत बसले होते ते कोडं वेगळंच होतं.

पुस्तकाची ख्याती त्याच्या एकनिष्ठ प्रेमासाठी आहे. माझं लक्ष दुसरीकडेच लागलं होतं. इशिगामी रोज संध्याकाळी सार्वजनिक फोनवरून यासुकोला फोन करतो आणि पोलिसांना काय सांगायचं ते सांगतो. एका पुरुषाच्या जाचातून सुटलेली बाई आता दुसऱ्याच्या फोनची वाट बघत बसते. तो काही मागत नाही, पण तिने दुसऱ्या कुणाबरोबर जेवायला जायचं की नाही याचा विचार तिला त्याच्या भीतीने करावा लागतो. उपकाराला नाही कसं म्हणायचं? हिगाशिनोंना हे पूर्ण दिसलंय असं शेवटच्या पानांवरून मला वाटतं.

‘गॉन गर्ल’ स्त्रीवादी आहे का हो?

गिलियन फ्लिन यांच्या २०१२च्या या कादंबरीवर लोक दोन टोकांची मतं देतात. खोटे आरोप रचणारी नायिका दाखवून लेखिकेने बायकांचंच नुकसान केलं, असं आमच्या गटातल्या एका वकील मैत्रिणीचं म्हणणं आहे, आणि तिचा मुद्दा हलका नाही. तरीही मी पुस्तकाच्या बाजूने आहे. बाईला वाईट असण्याचीही मुभा हवी. कादंबरीत खलनायकाची बुद्धी सगळी पुरुषांनाच का द्यायची? शिवाय नवऱ्याला आवडेल अशी हसतमुख, कशालाच नाही न म्हणणारी मुलगी बनून राहण्याबद्दल नायिका एमीने जे दीड-दोन पानं सुनावलंय ते फारच खरं आहे. नवऱ्याचं दुकान, म्हणजे बार, तिच्याच पैशातून निघालेला असतो हेही विसरू नका.

मराठीत चांगल्या थरारकथा नाहीतच का?

आहेत की. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, सुहास शिरवळकरांचे फिरोझ इराणी आणि दारा बुलंद, नारायण धारपांचे समर्थ, असे एकेक नायक आहेत. शिरवळकरांचा वेग आजही पकडून ठेवतो. पण या सगळ्यांत बायका एकतर संकटात सापडतात किंवा जाळ्यात ओढतात. शोध घेणारी, चुकणारी, पुन्हा शोध घेणारी मराठी बाई मला या पुस्तकांत भेटली नाही. ती लिहायला कराड-वाईकडची एखादी मुलगी बसली तर मी पहिली वाचक.

मुलाचं हॅरी पॉटर संपलं. पुढे काय देऊ?

अर्सुला ले ग्विन यांची अर्थसी मालिका. पहिलं पुस्तक ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८चं, म्हणजे हॅरी पॉटरच्या जवळजवळ तीस वर्षं आधीचं. त्यातही जादू शिकवणारी शाळा आहे. सगळं जग बेटांचं; नायक गेड शेळ्या राखणारा, तांबूस-सावळ्या रंगाचा मुलगा. गर्वाच्या भरात तो एक सावली मोकळी सोडतो आणि मग बोटीतून बेटाबेटांवर तिच्यापासून पळत राहतो, शेवटी उलटा तिच्याच मागे लागतो. भाषा सोपी आहे, पुस्तक लहान आहे, आठवी-नववीच्या मुलाला जमेल.

पण माझा आग्रह आहे की मुलाला पुस्तक देऊन थांबू नका, तुम्ही चौथं वाचा. पहिल्या पुस्तकात जादू शिकण्याचा मान फक्त पुरुषांना आहे, बायकांची जादू कमकुवत आणि दुष्ट म्हणून हिणवली जाते. लेखिकेनेच तसं लिहिलं होतं. दुसऱ्या पुस्तकात, १९७१च्या ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’मध्ये, टेनार नावाची मुलगी येते, लहान असतानाच तिला अंधाऱ्या थडग्यांची पुजारीण केलेलं असतं, तिचं नावसुद्धा काढून घेतलेलं असतं. आणि चौथ्या, १९९०मध्ये आलेल्या ‘तेहानू’त तीच टेनार मध्यमवयीन शेतकरीण आहे, विधवा आहे, मुलं मोठी झालेली. तिच्याकडे एक होरपळलेली लहान मुलगी येते. महान जादूगार गेड परत येतो तो सगळी शक्ती गमावून, आणि पुन्हा शेळ्या राखू लागतो. सुमारे वीस वर्षांनी लेखिका स्वतःच्याच जगात परत गेली आणि तिथली बाई सारा वेळ काय करत होती ते तिने बघितलं. ड्रॅगन आहेत, पण कादंबरी चालते ती स्वयंपाकघरात, शेतावर, आजारी मुलीच्या उशाशी. चाळिशी ओलांडलेल्या बाईला नायिका करणारी अद्भुतकथा मी त्याआधी वाचलीच नव्हती. मुलाला ती आत्ता आवडणार नाही. तुम्हाला आवडेल.

‘फोर्थ विंग’ वाचलंत का? सगळीकडे तेच दिसतंय.

वाचलं. रेबेका यारोस, २०२३. ड्रॅगनवर बसून लढायला शिकवणारं महाविद्यालय आणि त्यात दुबळ्या सांध्यांची मुलगी व्हायलेट. तिचे सांधे निखळतात, ती पट्ट्या बांधते, उंचीवरून घसरते, आणि तरी आपल्या शरीराला जमेल अशी पद्धत शोधून काढते. तो भाग मला मनापासून आवडला. लेखिकेला स्वतःला सांध्यांचा तसा आजार आहे हे नंतर कळलं. प्रेमकथा मात्र कंटाळवाणी. दोघं एकमेकांचा द्वेष करतात असं पन्नास वेळा सांगतात आणि कुणाचाच विश्वास बसत नाही. अठराच्या आतल्या मुलांना देऊ नका, प्रसंग पुरेसे उघड आहेत. ड्रॅगनचं चित्र बघून पाचवीतल्या भाचीला वाढदिवसाला हे पुस्तक देणारी मावशी मी स्वतः पाहिली आहे.

स्त्रीवादी पुस्तकं जड असतात ना? मला झेपतील का?

झेपतील. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ची, एवढीशी पुस्तिका आहे, आणि तिची भाषा म्हणजे वाड्यातल्या चौकात उभं राहून सुनावलेलं खणखणीत मराठी. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, पेपरांतून बायकांच्या चारित्र्यावर लेख आले, आणि बुलढाण्यात बसलेल्या ताराबाईंनी उत्तर लिहिलं. बायकांच्या माथी मारलेला एकेक दोष त्या घेतात आणि पुरुषांकडे तो किती पटींनी आहे ते दाखवतात. त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला तेव्हा बाजू घेतली ती जोतीराव फुल्यांनी. फुल्यांचं मूळ गाव आपल्या खटाव तालुक्यातलं कटगुण, हे इथे सांगायला मला आवडतं.

पण सातारा जिल्ह्यातल्या कुणी मला एकच पुस्तक सांगा म्हटलं, तर मी बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ सांगते. पुस्तकरूपाने १९८६मध्ये आलेलं. त्या फलटणच्या. तिथे त्यांचं छोटं दुकान होतं. माल बांधायला रद्दी यायची, तिच्यातले कागद त्या वाचायच्या. गल्ल्यावर बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, वहीत लिहायच्या आणि ती वही घरच्यांच्या हाती लागू नये म्हणून लपवून ठेवायच्या. वर्षानुवर्षं. मॅक्सिन बर्नसन या फलटणमध्ये राहून काम करणाऱ्या अभ्यासक बाईंमुळे ते लेखन जगापुढे आलं.

पुस्तक महारवाड्यातल्या जगण्याचं आहे. जातीने लादलेली उपासमार, अपमान, आणि बाबासाहेबांच्या शब्दाने उठून उभी राहिलेली वस्ती. हे सगळं सांगताना त्या घरातल्या सुनेचंही सांगायचं सोडत नाहीत. सासरच्या जाचाला कंटाळून माहेरी पळालेल्या पोरीला पकडून आणायचे आणि तिच्या पायात लाकडी खोडा घालायचे. जाड ओंडका, त्यात पाय अडकवलेला. तो पायात घेऊन ती घरातली सगळी कामं करायची, पाय सोलून रक्त यायचं. मी सुरुवातीला जो प्रश्न लिहिला, बाई नाही म्हणाली तर तिचं काय होतं, त्याचं इतकं सरळ उत्तर मला दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात मिळालेलं नाही. फलटण आमच्यापासून एसटीने दोन-तीन तासांवर आहे. रडायला येईल, थांबून थांबून वाचा, पण वाचा.

त्यानंतर कविता महाजनांची ‘ब्र’ (२००५). ७३व्या घटनादुरुस्तीमुळे गावोगावी बायका सरपंच झाल्या, त्यांच्याबद्दलची कादंबरी. चेकवर सही करायला नकार देणारी सरपंच बाई बघायची असेल तर ही घ्या.

गौरी देशपांडे कुठून सुरू कराव्यात?

‘विंचुर्णीचे धडे’पासून. विंचुर्णी फलटण तालुक्यातलं. तिथल्या माळावर घर बांधून राहताना त्यांना जे दिसलं, जमलं, फसलं ते या छोट्या पुस्तकात आहे, आणि ते वाचायला कसलीही तयारी लागत नाही. मग ‘एकेक पान गळावया’. त्यांच्या नायिका शिकलेल्या, पैसा हाताशी असलेल्या, परदेशी फिरलेल्या. ‘या बायकांना काय दुःख आहे’ असं गटात कुणीतरी म्हणतंच. मला वाटतं, नकार परवडत असूनही तो देणं किती कठीण जातं हे त्यांनीच दाखवलं.

जादूच्या गोष्टी मराठीत नाहीत म्हणणाऱ्यांना त्यांचं आणखी एक काम सांगते: ‘अरेबियन नाइट्स’चे सोळा खंड त्यांनी मराठीत आणले. शहरजादला राजाला नाही म्हणायची सोय नव्हती. तिने गोष्ट अर्धी ठेवायची युक्ती काढली. मी सोळाही खंड वाचलेले नाहीत, मधूनमधून उघडते.

बानू मुश्ताक यांचं बुकर मिळालेलं पुस्तक कसं आहे?

‘हार्ट लॅम्प’. कन्नडमधल्या बारा कथा, दीपा भास्ती यांचा इंग्रजी अनुवाद, २०२५चा आंतरराष्ट्रीय बुकर. कथासंग्रहाला तो पुरस्कार पहिल्यांदाच मिळाला. लेखिका वकील आहेत आणि ते जाणवतं; साक्षीदार काय बोलतो आणि काय गिळतो याकडे त्यांचं बरोबर लक्ष असतं. कर्नाटकातल्या मुसलमान घरांतल्या या बायका. सांगली-मिरजेच्या, आमच्या सदर बाजारातल्या कुणालाही त्या ओळखीच्या वाटतील.

शीर्षककथेत नवरा दुसऱ्या बाईकडे गेला म्हणून मेहरुन तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी येते. भाऊ तिला जेवूही न घालता परत सासरी पोचवतात. अब्रूचा प्रश्न. मग रात्री ती रॉकेलचा डबा हातात घेते. पुढचं मी सांगणार नाही, पण तिला अडवायला कोण उभं राहतं ते वाचताना माझ्या हातातलं पुस्तक खाली गेलं. सगळ्या कथा सारख्या उंचीच्या नाहीत, एक-दोन पसरट वाटल्या. ही एक मात्र कुठल्याही भाषेत तोलाची आहे.

आमच्या मिस्टरांनी स्त्रीवादी पुस्तकं वाचावीत का?

हो. ‘जिणं आमुचं’ द्या. वाचून काही बोलले नाहीत तरी चालेल.

सासूबाईंना काय देऊ? त्यांना हल्लीचं काही आवडत नाही.

विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’. १९३३ सालचं, म्हणून ‘हल्लीचं’ ही तक्रार येणार नाही. शिकून नोकरी करणाऱ्या, घर चालवणाऱ्या आणि म्हणूनच घरच्यांना लग्न लावायची घाई नसलेल्या मुलींच्या कथा. पुस्तक आलं तेव्हा एवढं वादळ उठलं की विभावरी कोण याचा शोध सुरू झाला. त्या मालतीबाई बेडेकर होत्या हे नंतर उघड झालं. माझ्या सासूबाईंनी हे एका दुपारी वाचून संपवलं आणि त्यांच्या थोरल्या बहिणीबद्दल कधी न सांगितलेलं खूप काही सांगितलं.

इंग्रजी पुस्तकं वाचायला भीती वाटते.

हिगाशिनोपासून सुरू करा. अनुवादातली इंग्रजी साधी आहे, वाक्यं छोटी आहेत आणि पुढे काय होतं या ओढीने शब्दकोश बाजूला राहतो. प्रत्येक शब्द अडवून धरू नका.

पुस्तक अर्धवट सोडलं तर चालतं का?

बिनधास्त सोडा. पन्नास-साठ पानांत पकडलं नाही तर मी ठेवून देते. फक्त न संपवलेल्या पुस्तकाला चारचौघांत नावं ठेवू नका.

एवढी पुस्तकं आणता कुठून? विकत घेणं परवडत नाही.

वाचनालय. साताऱ्याचं नगरवाचनालय दीडशे वर्षांहून जुनं आहे. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावरून कळतं की पुस्तक शेवटचं कधी घरी गेलं होतं. काही स्त्री-आत्मकथनांच्या चिठ्ठ्यांवर शिक्क्यांमध्ये मोठी मोठी खिंडारं दिसतात, वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसतो. अशी पुस्तकं मुद्दाम घरी न्या. मागणीच नसलेलं पुस्तक एक दिवस कपाटातून निघतं आणि पुन्हा दिसत नाही.

दुसरी जागा भिलार. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७पासून पुस्तकांचं गाव झालं. गावकऱ्यांनी आपल्या घरांतल्या खोल्या पुस्तकांना दिल्या, एका घरात एक विषय. पाटी बघून आत जायचं, खुर्चीवर बसायचं, हवं तेवढं वाचायचं, पैसे लागत नाहीत. शनिवार-रविवारी गर्दी असते. मधल्या वारी सकाळची एसटी धरून जा, डबा बरोबर न्या. पुस्तकं घरी नेता येत नाहीत, म्हणून तिथे मी कथासंग्रह वाचते, एका बैठकीत दोन-तीन कथा होतात.

आता पुढे काय वाचणार?

कमल देसाईंचं ‘काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई’ पुन्हा वाचायचंय. तरुणपणी त्यातली गूढता आवडली होती, आता देवळाविरुद्ध उभी राहणारी ती बाई मला जास्त समजेल असं वाटतं. त्यानंतर एन. के. जेमिसिन यांची ‘द फिफ्थ सीझन’. तिला आणि तिच्या पुढच्या दोन्ही भागांना २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षं विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. दुसरा भाग साताऱ्यात मला मिळालेला नाही. कुणाकडे असेल तर वाचून झाल्यावर कव्हर घालून परत देईन.